१६ एकर, १४ कागद: रिचमंडच्या ईस्ट एंड दफनभूमीतल्या नोंदी

६ ऑक्टोबर २०१८, शनिवार

ऑफिसच्या एक दिवसाच्या श्रमदानाला एप्रिलमध्ये इथे आलो होतो. टी-शर्ट मिळाला, पिझ्झा मिळाला, ग्रुप फोटो निघाला. लक्षात राहिली ती मात्र सकाळपासून गुडघ्यांवर बसून एकाच दगडाभोवतीची मुळं कापत बसलेली एक बाई. फोटोला तिने मान वर केली नाही. तेव्हापासून डोक्यात होतं, म्हणून आज सुरुवात केली. दर शनिवारी यायचं, काम करायचं, आणि फेब्रुवारीत इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात तेव्हा इथे राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या कौतुकाचं एक छोटं प्रदर्शन लावायचं. कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर माझ्या चुका तरी उपयोगी पडतील, म्हणून लिहून ठेवतो.

जागा: व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड, शहराचं पूर्वेचं टोक. ईस्ट एंड ही १८९७ सालची कृष्णवर्णीयांची दफनभूमी. १६ एकर. रिचमंड शहर आणि हेन्रायको काउंटी यांची हद्द तिच्यामधूनच जाते. शाळा, ट्राम, दवाखाना सगळं वेगळं ठेवायच्या काळात मरणानंतरची जागाही वेगळीच होती. अंदाजे १५ हजार माणसं इथे आहेत. देखभालीसाठी कायमचा निधी कधी नव्हता. कुटुंबं उत्तरेकडच्या शहरांत गेली, मागे राहिलेली म्हातारी झाली, रान माजलं, आणि वर लोकांनी टायर आणून टाकले. २०१३ च्या उन्हाळ्यापासून स्वयंसेवक इथे नियमित येतात. पाचेक वर्षांत तीन हजारांवर दगड उजेडात आलेत.

पहिल्याच दिवशीच्या दोन चुका. एक: दुकानातून तारेचा ब्रश आणि ब्लीचची बाटली घेऊन गेलो. दोन्ही गाडीतून बाहेरच काढू दिलं नाहीत. तारेने संगमरवर ओरखडतो आणि ब्लीचचे क्षार दगडात मुरून तो आतून भुसभुशीत होतो. परत केलं, जाण्यायेण्यात पाऊण तास गेला.

दोन: सुंदर लालबुंद पानांची एक वेल झाडावरून ओढून काढली. तीन पानं एका देठाला, खोडावर केस. इथलं शेंबडं पोरही तिला ओळखतं. पॉयझन आयव्ही.

घरी आलो तर आई दारात. ती सप्टेंबरपासून आमच्याकडे आहे, सहा महिन्यांसाठी. साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलंय, त्यामुळे सूचना एकदाच देते. "मसणवट्यातून आलायस. आधी अंघोळ, मग घरात." मी म्हटलं, आई, ही अमेरिका आहे, इथे सुतक नसतं. आणि सोफ्यावर बसलो.

८ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही हात, मान आणि डावा डोळा सुजला. त्या वेलीचं तेल कातडीला लागल्यावर जितक्या लवकर साबणाने धुवाल तितकं बरं. मी दोन तास सोफ्यावर होतो. दवाखान्यात ४० डॉलर गेले. सोफ्याचं कव्हर धुतलं. आई काही बोलली नाही, फक्त गॅरेजमध्ये एक बादली, साबण आणि जुना टॉवेल आणून ठेवला. तेव्हापासून ती बादली तिथेच आहे.

१३ ऑक्टोबर, शनिवार

गुरुवारी मायकेल वादळाचं शेपूट शहरावरून गेलं. आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. आतल्या रस्त्यावर झाडं आडवी, एक ओक थेट कबरींच्या रांगेवर. आज दगड धुण्याचा बेत होता, तो रद्द.

करवत फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांनी चालवायची. आमच्यात तसे दोघे. त्यातली एक पन्नाशीची नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली. तिने फांद्या कापायच्या आणि आम्ही ओढायच्या. ओढायचंही शास्त्र आहे: फांदी उचलून न्यायची, फरफटवायची नाही, कारण पाचोळ्याखाली कुठे दगड आहे ते दिसत नाही. मी एक फरफटवली. खालून टक् असा आवाज आला. सगळे थांबले. वीतभर उंचीचा सिमेंटचा दगड होता, त्याचा कोपरा उडालेला. जुना उडालेला की आत्ताचा, हे पाहायला ती नर्स करवत बंद करून आली. कडेवर शेवाळ होतं, म्हणजे जुना. माझ्या जिवात जीव आला. पण त्या दगडावर हाताने कोरलेली अक्षरं दिसेपर्यंत मला वाटलं होतं की हा कुंपणाचा खांब आहे, तेही इथे लिहून ठेवतो. ज्यांना संगमरवर परवडत नसे ते ओल्या सिमेंटवर खिळ्याने नाव लिहीत.

साध्या आयव्हीबद्दल (ही पॉयझन आयव्हीपेक्षा वेगळी वेल): झाडावरची आयव्ही ओढायची नाही. बुंध्याशी गोलाकार कापायची आणि वरची तशीच वाळू द्यायची. दगडावरचीही ओढायची नाही. तिची मुळं दगडाचा पापुद्रा घेऊन येतात. कापायची, आठवडा-दोन आठवडे थांबायचं, मग ती आपोआप सुटते. मला हे थांबणं सर्वांत जड गेलं.

२० ऑक्टोबर, शनिवार

पहिला दगड धुतला. इथे नळ नाही. पाणी घरून न्यायचं, ५ गॅलनचे चार कॅन, प्रत्येकी १४ डॉलर. मला वाटलं दहा दगड होतील. अडीच झाले. दगड आधी नुसत्या पाण्याने चिंब करायचा, कारण कोरड्या दगडावर औषध मारलं की तो ते पिऊन टाकतो. मग मऊ ब्रशने घासायचं, खालून वर. वरून सुरुवात केली की घाण पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर कायमचे उमटतात. आपण भिंत धुताना नेमकं उलटं करतो, त्यामुळे हात वळायला वेळ लागला. शेवाळ आणि दगडफूल लाकडी पट्टीने खरवडायचं. शेवटी डी/२ नावाचं द्रावण मारून सोडून द्यायचं. सैनिकी दफनभूमींतही हेच वापरतात. गॅलनला ४८ डॉलर पडले. दगड लगेच पांढरा होत नाही, काही आठवडे हळूहळू उजळत जातो. कधीकधी आधी नारिंगी होतो, तेव्हा घाबरायचं नाही. मी घाबरलो आणि रात्री एकाला फोन केला.

आईने काथ्याचा घासणा दिला होता, 'नैसर्गिकच आहे की' म्हणून. संगमरवराला तो खरखरीत. परत आणला.

आजची मोठी चूक मात्र वेगळी आहे. एका खड्ड्याजवळ, म्हणजे जिथे जमीन माणसाच्या लांबीएवढी खचलेली असते तिथे, पाचोळ्यात फुटका कप, शिंपल्याचे दोन तुकडे आणि निळी बाटली पडलेली होती. मी कचऱ्याच्या पिशवीत टाकली. एप्रिलमध्ये पाहिलेली ती बाई, जवळच होती. सत्तरीतली निवृत्त शिक्षिका, तिचे आजोबा-आजी इथेच कुठेतरी आहेत, त्यांचा दगड अजून सापडलेला नाही. (इथून पुढे मी त्यांना 'बाई' म्हणणार आहे, शाळेतल्या बाई.) त्यांनी पिशवी मागितली, उलटी केली, कप बाहेर काढला आणि विचारलं, "बाळा, हे कुठून उचललंस? नेमकं कुठून?"

मला नेमकं सांगता येईना.

दगड नसलेल्या कबरीची खूण म्हणून शिंपले, कप, ताटल्या, बाटल्या ठेवायची रीत आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांत जुनी आहे. गेलेल्याने शेवटी हाताळलेली वस्तूही ठेवत. म्हणजे मी कचरा उचलला नव्हता, पाटी उचलली होती. वीसेक मिनिटं आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून पाचोळ्यातल्या ओल्या गोल खुणा शोधत होतो. कपाची जागा सापडली. बाटलीची अंदाजाने लावली. तसाच नियम झाडांचा: युका, सदाफुलीच्या कुळातली जमिनीलगतची वेल, सीडर हे रानात उगवलेलं दिसलं तरी मुद्दाम लावलेलं असू शकतं, विचारल्याशिवाय कापायचं नाही. आणि काहीही हलवण्याआधी फोटो.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण दहा दिवस दिवा आणि पाणी ठेवतो ते काय असतं? तू काय तांब्या उचलून भांड्यांत टाकला असतास?"

३ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शनासाठी मुलाखती सुरू केल्या. कामाच्या मध्ये पाच-पाच मिनिटं, फोनवर रेकॉर्डिंग. घरी येऊन ऐकलं तर नुसता वारा, आणि मागे पाचोळा फुंकून उडवायचं यंत्र. चारांपैकी एक वापरण्याजोगी. कॉलरला लावायचा माइक घेतला, २४ डॉलर. तीन जणांनी फोटोला नाही म्हटलं. त्यातले एक निवृत्त पोस्टमन, ज्यांना माझ्या मनात टपालकाका असं नाव पडलंय. ते म्हणाले, "माझा कशाला? मी पत्ते शोधतो, एवढंच." खरोखर तेच करतात. जुन्या नगर-निर्देशिका, म्हणजे शहरातल्या पत्त्यांच्या याद्या, आणि मृत्यूचे दाखले घेऊन येतात आणि दगडावरचं अर्धं नाव कोणत्या घराचं, ते जुळवतात. ४० वर्षं या शहराच्या गल्ल्या चालल्याचा हा फायदा.

बूट बांधता बांधता त्यांनीच मला सांगितलं की जवळच्या ओकवूड दफनभूमीत यादवी युद्धातले दक्षिणेचे, म्हणजे गुलामगिरी राखायला लढलेल्या बाजूचे, हजारो सैनिक आहेत आणि त्या बाजूच्या कबरींसाठी राज्याच्या तिजोरीतून पिढ्यान्‌पिढ्या पैसे येत राहिले. ईस्ट एंड आणि शेजारच्या एव्हरग्रीनमधल्या जुन्या कबरींना कबरीमागे ५ डॉलर द्यायचा कायदा झाला तो २०१७ साली. "गेल्या वर्षी," ते म्हणाले आणि लेस ओढली.

१० नोव्हेंबर, शनिवार

उद्या पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीला १०० वर्षं. माजी सैनिकांच्या कबरींवर छोटे झेंडे लावले. सैनिकांचे दगड सरकारी, एकाच मापाचे, म्हणून ओळखायला सोपे. बऱ्याच जणांच्या तुकडीच्या जागी मजूर बटालियन किंवा गोदी कामगारांची तुकडी कोरलेली. फ्रान्सपर्यंत नेऊन बहुतेकांना बोटी रिकाम्या करायला लावलं होतं. झेंडे चार कमी पडले. मागच्या वर्षीच्या यादीवरून आणले होते, वर्षभरात चार सैनिक नव्याने सापडलेत हे कुणी यादीत घातलंच नव्हतं. टपालकाका गाडी काढून गेले आणि घेऊन आले.

२४ नोव्हेंबर, शनिवार

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीमुळे आम्ही पाचच. दुपारी एक गाडी आली, शेजारच्या मेरीलँड राज्याची नंबरपाटी. साठीचे गृहस्थ, डिकीत गवत कापायचं यंत्र. कुणाशी न बोलता आतल्या एका रांगेत गेले, तीन कबरींभोवतीचं गवत कापलं, फुलं ठेवली. निघताना बोलले. १९८० पासून वर्षातून दोनदा येतात. पूर्वी त्यांचे वडील यायचे. रान इतकं माजलं होतं तेव्हा कोयत्याने वाट पाडत जात असत.

मी त्यांना म्हटलं, मी स्वयंसेवकांवर प्रदर्शन करतोय. ते म्हणाले, "छान. मी काही स्वयंसेवक नाही, मी मुलगा आहे." आणि गेले. मी त्यांची मुलाखत घेतली नाही, कारण माझ्या यादीत 'नियमित स्वयंसेवक' असा रकाना होता आणि ते त्यात बसत नव्हते. हे आत्ता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

९ डिसेंबर, रविवार

जवळजवळ फूटभर बर्फ. घरात बसून फलक तयार केले. १२ माणसं, ६ मोठे फलक, फलकावर दोन चेहरे, खाली त्यांचं एक वाक्य. वर मथळा: 'आपले नायक'. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, हात जोडलेले आले, 'कुठे आहे हे? स्मशानात का जातोस रे?' असंही आलं. प्रत्यक्ष यायला तयार झालं एकच जोडपं. त्यांनी आधी भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, अंघोळ करा, बस.

२९ डिसेंबर, शनिवार

छपाईच्या दुकानाचं सवलतीचं कूपन ३१ ला संपणार म्हणून कुणालाही न दाखवता सहाही फलक छापून घेतले. २१६ डॉलर.

ज्यांना हा लॉग वाचून काही करायचंय त्यांनी वरचं वाक्य दोनदा वाचावं.

५ जानेवारी २०१९, शनिवार

फलक बाईंना दाखवायला नेले. आईही आली, पहिल्यांदाच. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन. बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर फलक एकेक करून ठेवले. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं. मी आईकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच या देशात ओळखीचं काहीतरी दिसल्याचा आनंद होता.

पहिली रेघ 'नायक' या शब्दावर. दुसरी एका नावाच्या स्पेलिंगवर. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "यात माझे लोक किती आहेत, मोजलंस?"

मोजले नव्हते. नियमित येणारे आम्ही ११, त्यात कृष्णवर्णीय ७. माझ्या १२ चेहऱ्यांत ३. मी मुद्दाम केलं नव्हतं. घरी येऊन सगळे ३४० फोटो तपासले तेव्हा कळलं काय झालंय. कॅमेऱ्याकडे बघून हसणारी माणसं ६१ फोटोंत होती, आणि त्यातले बहुतेक एक दिवसासाठी आलेले: कंपन्यांचे, कॉलेजांचे, आमच्या मंडळाचं ते जोडपं, एकात तर मीच. जे दर आठवड्याला येतात त्यांच्या पाठी होत्या, टोप्या होत्या, हात होते. मी चांगले चेहरे निवडले आणि चांगले चेहरे पाहुण्यांचे निघाले.

बाईंची दुसरी हरकत मोठी होती. "शनिवारी येतात तेवढेच सेवा करतात का? इथे खाली कोण आहे, माहीत आहे ना?" मग त्यांनी मला चालवत नेलं. ईस्ट एंडमध्ये रोझा डिक्सन बाउझर आहेत, ज्यांनी इथल्या कृष्णवर्णीय मुलांना शिकवलं आणि शिक्षकांची संघटना बांधली; १९३१ मध्ये गेल्या. शेजारी एव्हरग्रीनमध्ये मॅगी वॉकर. त्यांच्या सेंट ल्यूक या सहाय्यक मंडळात लोक थोडीथोडी वर्गणी भरत, त्यातून आजारपणाचा आणि अंत्यविधीचा खर्च निघे. त्याच मंडळातून १९०३ मध्ये त्यांनी बँक काढली. १९०४ मध्ये ट्राममधल्या वेगळ्या बाकांविरुद्ध शहरातले कृष्णवर्णीय ट्राममध्ये चढेनासे झाले, त्यात वॉकर होत्या, 'रिचमंड प्लॅनेट'चे संपादक जॉन मिचेल होते, आणि पायी कामाला जाणारे हजारो लोक होते, ज्यांतले कित्येक इथेच आहेत. "यांनी एकमेकांची कबर विकत घेतली," बाई म्हणाल्या. "आम्ही फक्त गवत काढतो."

आईला मी भाषांतर करून सांगत होतो. भिशीसारखं, असं म्हटल्यावर तिला लगेच कळलं. मग ती म्हणाली, यांना सांग की जोतिबांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं, १८७३ साली. मी सांगितलं. बाईंनी विचारलं, "कोणत्या लोकांना? ज्यांनी सोडवलं त्यांना, की जे सुटले त्यांना?"

मला अर्पणपत्रिका जेवढी आठवत होती तेवढी सांगितली: गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत गिरवावा म्हणून. बाईंनी मान डोलावली. "म्हणजे आमच्यातलेही त्यात धरता येतील," त्या म्हणाल्या. "आम्हीही सोसली थोडी." आणि पुरी खाल्ली. "हे तिखट आहे," असंही म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नाही.

१२ जानेवारी, शनिवार

नवा आराखडा. चेहरे काढून टाकले. एका कागदावर एक दगड. गेलेल्या माणसाचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात: झुडपातून कुणी शोधला, कुणी उभा केला, कुणी धुतला, दाखला कुणी जुळवला, भेटायला कोण येतं. ११ जणांपैकी प्रत्येकाने आपल्याला आठवणारा एकेक दगड निवडायचा. तीन कागद त्यांच्यासाठी, जे 'स्वयंसेवक नाहीत'. एकूण १४.

फायदा असा झाला की टपालकाकांनी फोटो न देताही एक कागद पूर्ण भरला. त्यांनी निवडला तो दगड असा आहे की त्यावर फक्त आद्याक्षरं आहेत. दोन वर्षं लागली नाव सापडायला. मी विचारलं, तुमच्याबद्दल काय लिहू? म्हणाले, 'पत्ता सापडला' एवढं लिही.

मेरीलँडच्या गृहस्थांचा फोन नंबर घेतलाच नव्हता. हे नुकसान भरून निघणारं नाही असं वाटतंय. बाईंनी त्यांच्या रांगेत एका काठीला प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी बांधून ठेवली आहे.

२१ जानेवारी, सोमवार

मार्टिन ल्यूथर किंग दिन. इथे हा श्रमदानाचा दिवस असतो. गर्दी प्रचंड, अवजारं कमी, थंडी अशी की कॅनच्या तोंडाशी बर्फ. गोठायच्या तापमानाला दगड धुवायचा नाही. आत मुरलेलं पाणी गोठून दगड फोडतं. मग धुवायला आलेल्या ४० जणांना काय काम द्यायचं? पाचोळा. पाचोळ्यासाठी दाताळी ९. दोन तास लोक उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. मी चिडलो होतो, पण एप्रिलमध्ये मीही तेच केलं होतं.

पुढच्या वेळेसाठी: माणसं बोलावण्याआधी अवजारं मोजा, आणि थंडीतलं काम वेगळं ठरवून ठेवा. नर्सने शेवटी दहा-दहाच्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीला एक रांग देऊन दगडांवरची नावं मोठ्याने वाचायला आणि वहीत लिहायला लावली. यादी पडताळायची होतीच. त्यात तीन स्पेलिंगच्या चुका सापडल्या. दिवसभरातलं सर्वांत उपयोगी काम ते झालं.

२ फेब्रुवारी, शनिवार

काल राज्यपालांच्या वैद्यकीय कॉलेजच्या १९८४ च्या वार्षिकातलं पान बाहेर आलं: एकाचा चेहरा काळा फासलेला, दुसरा कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या पांढऱ्या झग्यात. सगळीकडे तेच. मला वाटलं आज इथे त्यावरच बोलणं होणार. बाई आल्या, हातमोजे घातले, म्हणाल्या, "तो खालचा कोपरा राहिलाय." साडेतीन तास आयव्ही कापली. निघताना गाडीत बसून पाच मिनिटं त्या तशाच बसल्या होत्या, इंजिन बंद. मी जवळ गेलो नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

शहराच्या 'बूलेव्हार्ड' रस्त्याला आर्थर अॅश यांचं नाव द्यायचा ठराव आज नगर परिषदेत झाला. टेनिसचे अॅश रिचमंडचेच, पण लहानपणी इथल्या गोऱ्यांच्या कोर्टांवर त्यांना खेळता येत नव्हतं. टपालकाकांचा मेसेज: 'पत्ते बदलणार. बिचारे नवे पोस्टमन.'

१४ कागद जाड पुठ्ठ्यावर साध्या दुकानातून छापले. नगाला साडेचार डॉलर, एकूण ६३.

१६ फेब्रुवारी, शनिवार

एका चर्चचं तळघर, दुपारी १ ते ४. फुकट मिळालं, मागेपुढे झाडून द्यायची अट.

दुहेरी टेपने लावलेले कागद पाऊण तासात पडायला लागले. भिंतीचा रंग तेलकट होता. आईने विचारलं, दोरी आहे का? दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि चिमटे लावले. १५ डॉलर. भिंतीपेक्षा हे बरं झालं. कागद छातीच्या उंचीवर आले, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसून वाचता आले आणि मागच्या बाजूलाही जागा मिळाली. ती जागा अशी उपयोगी पडेल हे कुणीच ठरवलं नव्हतं: एका आजीबाईंनी चिमटा काढला, कागद उलटा केला आणि मागे पेनने लिहिलं, 'हा माझ्या आईचा चुलता. रविवारी ऑर्गन वाजवायचा.' मग रांग लागली. १४ पैकी ९ कागदांच्या मागे लोकांनी लिहिलं. एकावर दोन बहिणींनी एकमेकींना खोटं पाडणाऱ्या तारखा लिहिल्या आहेत.

आले ७० च्या आसपास. भाषणं नव्हती, कारण बोलायला कुणी तयार झालं नाही. नर्स रात्रपाळी करून आली होती, कोपऱ्यात खुर्चीवर झोपली. तिच्या कागदासमोर लोक कुजबुजत उभे राहत.

मेरीलँडचे गृहस्थ आले नाहीत. त्यांच्या वडिलांच्या दगडाचा कागद लावला होता. 'भेटायला कोण येतं' या ओळीपुढे 'मुलगा' एवढंच.

२३ फेब्रुवारी, शनिवार

हिशेब, ज्यांना हवाय त्यांच्यासाठी: ब्रश २२, औषध ४८, दोन फवारे २४, हातमोजे १८, पाण्याचे कॅन ५६, माइक २४, वाया गेलेले फलक २१६, पुठ्ठे ६३, दोरी-चिमटे १५, दवाखाना ४०. एकूण ५२६ डॉलर, त्यातले जवळपास निम्मे माझ्या अगाऊपणाचे आणि खाजेचे. वेळ: २० आठवडे. शहाणा माणूस दहा आठवड्यांत करेल.

ते सहा फलक वाया गेले नाहीत असं म्हणता येईल. फोमचे आहेत, गुडघ्यांखाली घ्यायला चांगले. आज बाईंनी त्यातला एक घेतला. मी पाहिलं तर त्या माझ्याच चेहऱ्यावर बसल्या होत्या.

आई पुढच्या आठवड्यात परत जाणार. बादली ठेवून जातेय. आज तीही आली होती आणि बाईंच्या शेजारी बसून ऑक्टोबरात मी धुतलेला दगड पाहत होती. आता पांढरा झालाय, नारिंगी गेला. खालच्या ओळीतलं साल वाचता येतंय.

काठीवरची चिठ्ठी गेली आहे. पिशवीत दुसरा कागद होता, त्यावर मेरीलँडचा फोन नंबर आणि 'गवताचं यंत्र ठेवायला जागा आहे का?' जागा आहे, नर्सच्या शेडमध्ये. संध्याकाळी फोन करायचा आहे.